पोटातली हमाली : खाल्लेल्या अन्नातून शरीर किती कापून घेतं?

रविवारी दुपारी जेवण उरकून मी सतरंजीवर आडवा झालो की आईचा शेरा ठरलेला असतो, "पडला बघा अजगर!" अजगर म्हणजे आळसाची परिसीमा, हे आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. मीही तसंच धरलं होतं. मग एकदा अजगराच्या पचनावरचं संशोधन वाचनात आलं आणि आपण त्या प्राण्यावर केवढा अन्याय करतो ते कळलं.

बर्मी अजगर हा आपल्याकडच्या अजगराचा जवळचा भाऊबंद. भक्ष्य गिळून वेटोळं घालून पडला की बाहेरून तो हलतसुद्धा नाही. आत मात्र तिन्ही पाळ्या सुरू झालेल्या असतात. शरीराच्या पाव वजनाएवढं भक्ष्य गिळलं असेल, तर एकदोन दिवसांत त्याचा प्राणवायूचा वापर उपाशी असतानाच्या पंधरा-वीस पट होतो. भक्ष्य आणखी मोठं असेल, तर चाळीस पटींपर्यंतही जातो. दोन दिवसांत हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आकसलेलं आतडं पुन्हा भरून येतं. चौखूर उधळलेल्या घोड्याशी तुलना व्हावी एवढा हा खटाटोप, आणि तो जागचा न हलता! गिळलेल्या अन्नातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा ते अन्न पचवून मार्गी लावण्यातच खर्ची पडते.

माणसाच्या शरीरातही हेच घडतं, फक्त प्रमाण कितीतरी लहान. आपण जेवतो, त्यातल्या काही कॅलरी ते जेवण पचवण्यात, शोषून घेण्यात आणि जागच्या जागी लावण्यात जातात. याला 'थर्मिक इफेक्ट ऑफ फूड' म्हणतात, म्हणजे अन्नाचा उष्मीय परिणाम. नाव जड आहे. मी त्याला हमाली म्हणतो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना बाजार समितीतली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, माहीत असेल. माल शंभर रुपयांचा विकला म्हणून हातात शंभर येत नाहीत. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून उरेल ते आपलं. अन्नाचंही तसंच आहे, आणि खरी गंमत म्हणजे मालागणिक हमालीचा दर वेगळा आहे. प्रथिनांच्या शंभर कॅलरी खाल्ल्या तर त्यातल्या २० ते ३० हमालीत जातात. कर्बोदकांच्या, म्हणजे भात-पोळी-साखर वगैरेंच्या, शंभरातल्या ५ ते १०. आणि तेल-तुपाच्या शंभरातल्या जेमतेम ० ते ३. आपल्या नेहमीच्या मिश्र जेवणाची सरासरी काढली तर साधारण दहा टक्के.

हे दर असे का, हा या लेखाचा विषय. आणि त्यावर वजन कमी करण्याची जी दुकानं उभी राहिली आहेत त्यांच्या दाव्यांत दम किती, तेही बघू.

पाकिटावरचा आकडा कुठून आला?

आधी एक गैरसमज दूर करू. पाकिटावर 'ऊर्जा अमुक कॅलरी' असं छापलेलं असतं, त्यात ही हमाली वजा केलेली नसते. दुसरी एक वजावट मात्र आधीच केलेली असते.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून माणूस आत राहू शकेल एवढी एक बंद कोठी बांधली. माणूस त्यात काही दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानावरून मोजली जायची. ४-९-४ हे प्रसिद्ध आकडे ॲटवॉटर यांच्याच कामातून आले : एक ग्रॅम कर्बोदकांत ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थांत ९, प्रथिनांत ४. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. इथंही बोलीतलाच अर्थ घ्यायचा.)

प्रथिनं भट्टीत जाळली तर ग्रॅममागे साडेपाचांहून जास्त कॅलरी निघतात. मग छापताना चारच का? कारण शरीर प्रथिनं पूर्ण जाळतच नाही. त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे बाहेर जातो आणि बरोबर थोडी ऊर्जाही घेऊन जातो. शिवाय थोडा भाग न पचता शौचातून जातो. ॲटवॉटर यांनी ही घट आधीच वजा केली. पट्टीच्या भाषेत सांगायचं तर माती, काडीकचरा काढून निव्वळ वजन धरलं, पण हमाली धरली नाही. ती शरीरात माल उतरल्यावर लागते.

घुमटाखालचे सहा तास

ही हमाली मोजतात कशी, ते बघण्यासारखं आहे. माणसाला सकाळी उपाशीपोटी बोलावतात. अर्धा-पाऊण तास निवांत पडू देतात. मग डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट ठेवतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यंत्र सतत मोजत राहतं. शरीराने किती प्राणवायू वापरला यावरून किती ऊर्जा खर्चली ते कळतं. हा झाला उपाशीपोटीचा खर्च. मग मोजूनमापून एक जेवण देतात आणि पुन्हा घुमटाखाली झोपवतात, पाच-सहा तास. डोळा लागू द्यायचा नाही, पाय हलवायचा नाही, फोनवर कुणाशी भांडायचं नाही. पडद्यावर एक रेघ सरकत असते. जेवणानंतर ती चढायला लागते, तास-दोन तासांत माथ्यावर पोचते आणि मग रेंगाळत खाली येते. उपाशीपोटीच्या रेघेच्या वर जो उंचवटा राहिला, तेवढी त्या जेवणाची हमाली.

गडबडीत तीन तासांत घुमट काढला तर शेपूट मोजायचंच राहतं. प्रथिनांचं शेपूट तर विशेष लांब असतं. या मोजमापातले आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत पुढेमागे होतात त्याचं एक कारण हेही आहे.

जेवणानंतर खर्च वाढतो हे पहिल्यांदा पाहिलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी, १७९० च्या आसपास, पॅरिसमध्ये. सहकारी आर्मां सेगॅं यांच्या तोंडाला मुखवटा लावून त्यांनी प्राणवायू मोजला. पचन चालू असताना तो उपाशीपोटीच्या दीडपटीच्या आसपास गेलेला दिसला. लाव्हाझिए यांच्या पत्नी मारी-ॲन यांनी या प्रयोगाची चित्रं काढून ठेवली आहेत आणि चित्राच्या कोपऱ्यात स्वतःला टेबलाशी बसून नोंदी घेताना दाखवलंय. त्या नोंदींपाठी केवढं काम असेल, याची आठवण त्या कोपऱ्यामुळे राहते. लाव्हाझिए यांचा १७९४ मध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला आणि ते काम तिथंच थांबलं. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मनीत माक्स रुब्नर या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना कधी मांस, कधी चरबी, कधी साखर खाऊ घालून दाखवून दिलं की मांसाने अंगातली उष्णता सगळ्यात जास्त वाढते. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९०२ चा. आज आपण जे दर सांगतो त्यांचं मूळ तिथं आहे.

हमाल नेमकं करतात काय?

पुष्कळांना वाटतं की हा खर्च म्हणजे जठराने अन्न घुसळण्याचा, आतड्याने पुढे ढकलण्याचा खर्च. तो असतो, पण फार थोडा. खरं काम अन्न रक्तात उतरल्यावर सुरू होतं. याचा मला आवडणारा पुरावा ऑपरेशन थिएटरमधला आहे. भूल दिलेल्या रुग्णाचं अंग गार पडत जातं. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांना शिरेतून अमिनो आम्लं दिली, म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी. त्या रुग्णांचं तापमान इतरांइतकं घसरलं नाही. पोटात घास नाही, आतड्याला काम नाही, तरी शरीर तापलं. म्हणजे हा प्रताप पोटातल्या घुसळणीचा नाही, माल हाताळण्याचा आहे.

प्रथिनांची हाताळणी एवढी महाग का, हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तुपासाठी शरीरात कोठार आहे, साखरेसाठी छोटी कणगी आहे. प्रथिनांसाठी कोठार नाही. आलेला माल ताबडतोब कामाला लावायचा, नाहीतर मोडून टाकायचा, हे दोनच मार्ग.

कामाला लावणं म्हणजे सुटे मणी नव्या माळेत ओवणं. स्नायू, एन्झाइम, रक्तातली प्रथिनं, केस, नखं, सगळ्या माळाच. शरीर ऊर्जेचा व्यवहार एटीपी नावाच्या रेणूंत करतं. त्याला शरीरातली चिल्लर समजा. एक मणी माळेत गुंफायला अशी चार नाणी लागतात. एका मध्यम आकाराच्या प्रथिनात चारशे-पाचशे मणी. आणि प्रौढ माणसाचं शरीर दिवसाला अदमासे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि पुन्हा बांधतं, म्हणजे आपण खातो त्याच्या कितीतरी पट. जुनी भिंत पाडून त्याच विटांनी नवी भिंत बांधायचं काम अहोरात्र चालू असतं. जेवणात प्रथिनं आली की या बांधकामाला आणखी वेग येतो, आणि मजुरी वाढते.

जे मणी बांधकामात लागले नाहीत, ते यकृतात मोडतात. मोडताना नायट्रोजन सुटतो आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला विषारी, तो रक्तात मोकाट सोडता येत नाही. म्हणून यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करतं. युरियाच्या एका रेणूला पुन्हा चार नाणी. तो युरिया मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा. नायट्रोजन काढल्यावर उरलेल्या सांगाड्यातून गरजेप्रमाणे साखर बनवायची, त्याचा खर्च निराळा. एवढी सगळी विल्हेवाट होईपर्यंत शंभरातल्या पंचवीसेक कॅलरी उष्णता होऊन अंगाबाहेर गेलेल्या असतात.

आता साखर आणि पिठाकडे या. भात पचून ग्लुकोज झाला आणि तिथल्या तिथे जाळला, तर साठवणीचा खर्चच नाही. जास्तीचा ग्लुकोज ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, करून ठेवायचा असेल तर किरकोळ खर्च, पाच टक्क्यांच्या आसपास. ही कणगी लहान असते : यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत मिळून चारशेच्या आसपास. ती भरली की उरलेल्या ग्लुकोजची चरबी करता येते, पण तो सौदा महाग आहे, जवळजवळ पाव भाग त्यातच जातो. म्हणूनच नेहमीच्या मिश्र आहारात शरीर तो फारसा करत नाही. त्यापेक्षा सोपा मार्ग काढतं : आलेला भात जाळून टाकायचा आणि त्याच ताटातलं तेल-तूप जसंच्या तसं ठेवून द्यायचं. 'भाताने पोट सुटतं' हे वाक्य त्यामुळे अर्धवट खरं आहे. भाताची चरबी क्वचितच होते, पण भातामुळे भातावरचं तूप शिल्लक राहतं.

राहता राहिलं तूप. त्याला आतड्यात पित्त भेटतं, त्याचे तुकडे होतात, आतड्याच्या पेशीत शिरल्यावर ते तुकडे पुन्हा जोडले जातात, छोट्या गोळ्यांत भरून रक्तात सोडले जातात आणि चरबीच्या पेशीत जाऊन बसतात. आत आलं त्या रूपात आणि साठवलं त्या रूपात फरक नावापुरता. ट्रकमधून उतरवून थेट गोदामात, ना निवड ना पॅकिंग. हमाली कशी लागणार?

दारूचं एका ओळीत सांगतो. तिला साठवायला जागाच नाही, त्यामुळे यकृत बाकीचं काम बाजूला ठेवून तिच्यामागे लागतं आणि तिची हमालीही बऱ्यापैकी असते. पण प्यायल्यावर अंग गरम वाटतं ते या हमालीमुळे नव्हे. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पळते. थंडीत हे धोक्याचं.

असाच घोटाळा कोल्हापुरी जेवणाच्या बाबतीत होतो. तांबड्या रश्श्याचा दुसरा भुरका घेतला की कपाळावर घाम येतो आणि कुणीतरी म्हणतं, "मटण गरम पडतं." तो घाम तिखटाचा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या टोकांना फसवतं आणि मेंदूला वाटतं, तोंड पोळलं. मटणाची खरी ऊब तास-दोन तासांनी येते, रुमाल घडी करून खिशात ठेवल्यावर.

आता हिशेब मांडू

एक साधं ताट घ्या. दोन पोळ्या, भात, वरण, बटाट्याची भाजी, वर तूप. ७०० कॅलरी धरू : ११० ग्रॅम कर्बोदकं, २० ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. कर्बोदकांच्या ४४० कॅलरींवर साडेसात टक्के, म्हणजे ३३. प्रथिनांच्या ८० वर पंचवीस टक्के, म्हणजे २०. तेलातुपाच्या १८० वर दोन टक्के, म्हणजे ४ सुद्धा नाही. एकूण हमाली ५७, जेवणाच्या आठ टक्के.

आता हेच ताट जिमला जाणाऱ्या भाच्याच्या पद्धतीने लावू. भात-पोळी कमी केली, चिकन किंवा पनीर वाढवलं. कॅलरी ७०० च, पण प्रथिनं ६० ग्रॅम, कर्बोदकं ७० ग्रॅम, तेलतूप तेवढंच. हमाली : ६० अधिक २१ अधिक ४, म्हणजे ८५. बारा टक्के.

फरक किती पडला? २८ कॅलरींचा. चहात बुडवायच्या एका ग्लुकोज बिस्किटाहून किंचित जास्त.

भाच्याला हा हिशेब दाखवला तेव्हा तो नाराज झाला. "मामा, पण तीस टक्के म्हणतात ना?" म्हणतात, आणि चूक नाही. पण तीस टक्के कशाचे, हे रीलमध्ये सांगत नाहीत. प्रथिनं हा मुळात ताटाचा छोटा भाग, त्याच्या तीस टक्क्यांनी डोंगर हलत नाही. 'प्रथिनं खा, चरबी जाळा' हे म्हणणं बिस्किटाच्या आधाराने उभं आहे.

मग प्रथिनं वाढवायची नाहीत का? वाढवायची, पण कारण दुसरं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला लुईझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राचा एक प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. २५ निरोगी माणसांना तिथंच ठेवून आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं, रोज सुमारे ९५० कॅलरी गरजेपेक्षा अधिक. तीन गट केले : एकाच्या आहारात प्रथिनं ५ टक्के, दुसऱ्याच्या १५, तिसऱ्याच्या २५. कमी प्रथिनांच्या गटाचं वजन ३ किलोच्या आसपास वाढलं, बाकी दोघांचं ६ ते साडेसहा किलो. वजनकाट्यावर विश्वास ठेवला तर कमी प्रथिनं खाणारे जिंकले. पण अंगातली चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली होती. कमी प्रथिनांच्या गटाने चरबी कमावली आणि स्नायूंसकट चरबीविरहित वजन सुमारे ७०० ग्रॅम गमावलं. इतरांचं ते सुमारे ३ किलोंनी वाढलं आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्चही वाढला. प्रथिनांचा खरा हातभार इथं दिसतो : हमालीत थोडा, बांधकामात जास्त. शिवाय प्रथिनांनी पोट लवकर भरल्यासारखं वाटतं आणि पुढच्या जेवणात आपण आपोआप कमी वाढून घेतो. २८ कॅलरींपेक्षा तो फायदा मोठा.

आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे, कारण भारतीय ताटात निम्म्याहून अधिक ऊर्जा धान्यातून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. यासाठी प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायची गरज नाही. वाटीभर घट्ट उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, खात असाल तर अंडी-मासे. पातळ वरणाच्या वाटीवर मात्र फार भिस्त ठेवू नका, त्यात डाळ थोडी आणि पाणी जास्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वर सांगितलेला युरिया शेवटी त्यांनाच गाळायचा असतो.

वरवंटा, मिक्सर आणि बाकीचे वाद

हमालीचा दर फक्त मालावर ठरत नाही, माल कोणत्या अवस्थेत आला यावरही ठरतो. इथं पुन्हा अजगर. अलाबामा विद्यापीठातले स्टीफन सेकॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बर्मी अजगरांना चार तऱ्हेचं मांस दिलं : कच्चा तुकडा, शिजवलेला तुकडा, कच्चा खिमा, शिजवलेला खिमा. शिजवल्यामुळे पचनाचा खर्च सुमारे १३ टक्क्यांनी घटला, खिमा केल्यामुळे १२ टक्क्यांनी, दोन्ही केल्यावर २३ टक्क्यांनी. म्हणजे चूल आणि पाटा-वरवंटा हे आपल्या पचनसंस्थेचे बाहेर ठेवलेले भाग झाले. जे काम आतड्याला करावं लागलं असतं ते आजीने अंगणात बसून करून टाकलं.

याची दुसरी बाजू म्हणजे कारखान्यातून आलेलं मऊसूत अन्न. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमध्ये सतरा जणांना दोन प्रकारची चीज सँडविचं दिली. एकात बियांचा, अख्ख्या धान्याचा पाव आणि साधं चेडर, दुसऱ्यात पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेलं चीज. कॅलरी सारख्या. पहिल्याची हमाली वीस टक्क्यांच्या जवळ निघाली, दुसऱ्याची अकराच्या. सतरा माणसांवरून जगाचा निकाल लावू नये, पण दिशा अजगराच्या प्रयोगाशी जुळते. ज्याचं दळण-कांडण आधीच झालंय, त्यावर शरीराला काम कमी.

बदामाचा किस्सा याच्या शेजारचा, पण वेगळा. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरी मिळतात, पाकिटावर मात्र १७० च्या आसपास लिहितात. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पुरत्या फुटत नाहीत आणि आतलं तेल तसंच बाहेर जातं. ही हमाली नाही, ही सांडलवंड.

दिवसातून दोनदाच जेवा की दर दोन तासांनी थोडं थोडं खा, या वादात मध्यंतरी महाराष्ट्रातली घरं दुभंगली होती. दर दोन तासवाले म्हणायचे, सारखं खाल्लं की चयापचय पेटतं राहतं. पट्टीच्या भाषेत बघा : दहा पोती एका ट्रकने आणा नाहीतर पाच फेऱ्यांत आणा, पोत्यामागे हमाली तीच. दिवसभरात तेच आणि तेवढंच खाल्लं, तर किती वेळा खाल्लं याने एकूण हमालीत फरक पडत नाही. दोन वेळांच्या पद्धतीने किंवा दर दोन तासांच्या पद्धतीने कुणाचं वजन उतरलं असेल तर ते एकूण कमी खाल्ल्याने, आणि त्यासाठी ज्याला जी पद्धत झेपते ती त्याने धरावी.

सकाळी खाल्लेलं जास्त जळतं का, हा वाद अजून रंगात आहे. २०२० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठात सोळा पुरुषांवर प्रयोग झाला, त्यात न्याहारीची हमाली रात्रीच्या जेवणाच्या अडीच पट निघाली. बातम्या झळकल्या. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी तीस जणांना चार आठवडे सकाळी भरपेट आणि चार आठवडे रात्री भरपेट असं खाऊ घातलं. ऊर्जेचा खर्च सारखा, उतरलेलं वजनही सारखं. सकाळी भरपेट खाणाऱ्यांना भूक मात्र कमी लागली. मला यात ॲबर्डीनचं पारडं जड वाटतं, कारण त्यांनी एका दिवसाचा नाही, आठवड्यांचा हिशेब धरला.

शेवटी काकडी. 'उणे कॅलरीचं अन्न' म्हणून तिची कीर्ती आहे : खाण्यात मिळतात त्याहून पचवण्यात जास्त जातात म्हणे. शंभर ग्रॅम काकडीत पंधराएक कॅलरी. हमालीचा सगळ्यात महागडा, प्रथिनांचा, तीस टक्क्यांचा दर लावला तरी साडेचार जातील आणि दहा उरतील. काकडी मुकाट खावी, चांगली असते, पण ती उणे नाही. माल विकून हाताला काहीच न लागणं हे कांद्याच्या बाबतीत घडतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याला सगळी कापाकापी होऊन दोन रुपयांचा धनादेश मिळाला होता. शरीर एवढं निर्दय नाही. ते महागातल्या महाग मालालाही सत्तर टक्के हातावर ठेवतं.

हे सगळं एका रविवारी मी आडवा असतानाच आईला समजावून सांगितलं. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, पुण्यातली निम्मी दुकानं बंद असतील, पण माझ्या आत रेघ माथ्यावर पोचली आहे, यकृत युरिया करतंय, मणी ओवले जातायत, अजगर कामात आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, "आत एवढी माणसं कामाला आहेत, तर बाहेरच्याने उठून आपलं ताट तेवढं घासून टाकावं."